पेठेच्या सुधारणेची उद्दिष्टे कशी ठरवावीत?

पुण्यातील आपल्या पेठेत रहिवासी मंडळ स्थापन झाले असून ‘स्वच्छ, सुंदर, सुरक्षित पेठ’ असे ध्येय ठरले आहे, आता पुढे काय करावे, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की, जे उद्दिष्ट घेऊन कोणाच्या टेबलापाशी जायचे हे सांगता येत नाही, ते फलकावरच राहते.

बोळाच्या तोंडाशी कचऱ्याचा ढीग का लागतो, हे आधी चार दिवस पाहावे. घंटागाडी येते तेव्हा नोकरदार बाहेर पडलेले असतात आणि रात्री शटर ओढताना दुकानदार पुठ्ठे व थर्माकोल तिथेच टाकतात, असे आढळले, तर ‘दिवाळीपर्यंत हा ढीग बंद’ हे उद्दिष्ट झाले. मग गाडीच्या वेळेसाठी आरोग्य निरीक्षक, घरोघरच्या संकलनासाठी ‘स्वच्छ’ संस्थेचे कचरावेचक आणि पुठ्ठ्यांसाठी खुद्द दुकानदार, अशी तिन्ही दारे आपोआप समोर येतात. ढीग हटला की नाही, हे ठरवायला अहवाल लागत नाही.

हे फार किरकोळ वाटेल. परंतु अमेरिकेत बॉस्टनच्या रॉक्सबरी भागातील डडली स्ट्रीटच्या रहिवाशांनी १९८४ मध्ये संघटना उभारली, तेव्हा त्यांनीही सुरुवातीला बेकायदा कचरा टाकणाऱ्यांविरुद्धच मोहीम घेतली. ओसाड भूखंड सक्तीने संपादन करण्याचा अधिकार त्यांना १९८८ मध्ये मिळाला.

वाड्यांचे प्रश्न मात्र वेगळ्या यादीत ठेवावेत. गळके छप्पर, सामाईक संडास, पुनर्विकास हे घरमालक आणि भाडेकरू यांच्यातील विषय आहेत. खासगी जागेत महापालिका सहसा खर्च करत नाही आणि हे वाद सार्वजनिक यादीत मिसळले की बैठक तिथेच अडकते. बैठकीची वेळही जपून ठरवावी. रविवारी सकाळी निवृत्त मंडळी येतात. पाण्याची वेळ सांभाळणाऱ्या स्त्रिया आणि खोल्या भाड्याने घेऊन राहणारी मुले येत नाहीत, मग यादीत बाकडी येतात आणि बंद पडलेला दिवा राहून जातो.

पैशांसाठी नागरिकांच्या सूचनांवरून अंदाजपत्रकात कामे घेण्याची पद्धत पुणे महापालिकेने २००६-०७ पासून सुरू केली आहे. त्यात एका कामासाठी ५ लाख रुपयांची मर्यादा ठेवली गेली आहे. पदपथ, दिवे, सार्वजनिक स्वच्छतागृहाची दुरुस्ती अशी कामे तीत बसतात. अर्जात ‘पेठेत दिवे हवेत’ असे न लिहिता कोणत्या बोळात, कोणत्या घराक्रमांकापासून कुठपर्यंत आणि सध्याचा खांब कुठे आहे, हे छायाचित्रासह द्यावे. अर्जाची पोच घ्यावी आणि अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर काम त्यात आले का, हे क्षेत्रीय कार्यालयातील कनिष्ठ अभियंत्याला प्रत्यक्ष भेटून विचारावे.