‘यॉल’, ‘यिन्झ’ आणि इंग्रजीने गमावलेले ‘तू’

प्रश्न : माझा मुलगा शिक्षणासाठी पिट्सबर्गला आहे. तेथील जुनी मंडळी चारचौघांना उद्देशून ‘यू’ न म्हणता ‘यिन्झ’ म्हणतात, तर त्याचा टेक्ससचा मित्र ‘यॉल’ म्हणतो. हे अशुद्ध इंग्रजी समजावे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : अशुद्ध मुळीच नाही. हे दोन्ही शब्द इंग्रजीच्या एकाच अडचणीतून जन्मले आहेत. पूर्वी इंग्रजीत एकासाठी ‘दाऊ’ आणि अनेकांसाठी ‘यी’ असा, आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखा भेद होता. पुढे एकट्या व्यक्तीलाही आदराने अनेकवचनात संबोधण्याची रीत इतकी रुळली की प्रमाण भाषेतून ‘दाऊ’ हद्दपार झाले आणि दोन्ही कामे एकट्या ‘यू’वर येऊन पडली. ‘यू जेवायला या’ असे म्हटले, तर बोलावणे एकाला आहे की साऱ्या घराला, हे त्या शब्दावरून कळत नाही. प्रमाण भाषेने ही उणीव तशीच राहू दिली, बोलींनी मात्र ती भरून काढली.

अमेरिकेच्या दक्षिणेत ‘यू ऑल’ आकसून ‘यॉल’ झाले. ‘यिन्झ’च्या मुळाशी ‘यू वन्स’ आहे. १८व्या शतकात आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टर प्रांतातून निघून पश्चिम पेनसिल्व्हेनियात वसलेल्या, मूळच्या स्कॉटिश कुटुंबांनी ही लकब सोबत नेली, आणि आज अस्सल पिट्सबर्गकराला ‘यिन्झर’ असेच म्हणतात. डब्लिन, लिव्हरपूल आणि ग्लासगो येथे ‘यू’लाच अनेकवचनाचा प्रत्यय जोडून ‘यूझ’ म्हणतात.

याहून उद्बोधक उदाहरण ‘आय ॲम नॉट’चे आहे. स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये त्याचे ‘ॲम्न्ट’ असे सरळ, नियमाला धरून असलेले रूप आजही प्रश्नात ऐकू येते. ते सावकाश उच्चारून पाहावे : ‘म’साठी मिटलेले ओठ उघडतात न उघडतात तोच जीभ ‘न’साठी वर जाते. हा जोड अवघड वाटल्याने इतरत्र ‘म’ गळाला आणि ‘आन्ट’ उरले. दक्षिण इंग्लंडमध्ये ‘आर नॉट’च्या जोडरूपातला ‘र’ उच्चारला जात नसल्यामुळे तेही ‘आन्ट’सारखेच ऐकू येई; म्हणून ‘आन्ट’ लिहिताना ‘आरन्ट’चेच वर्ण वापरले गेले. परिणामी ‘आय आर’ कोणीही शुद्ध मानत नाही, परंतु ‘आरन्ट आय?’ मात्र शिष्टसंमत ठरले. याच कुळातले, बोलीत ‘ॲम नॉट’साठी येणारे ‘एन्ट’ (ain't) पुढे शाळामास्तरांच्या रोषाला बळी पडले, हा मला त्या शब्दावरचा अन्याय वाटतो.

आपणही ‘करतो आहे’चे ‘करतोय’ आणि ‘कुठे आहे’चे ‘कुठंय’ करतोच. मुलाने विद्यापीठातील निबंधात ‘यू’ लिहावे; शेजाऱ्यांशी बोलताना ओठांवर ‘यिन्झ’ आले, तर त्याला अडवू नये.