गंगावन बॅगेत भरू नका

सासर दर्यापूर तालुक्यात, मुक्काम स्वीडनला, पदरात दीड वर्षाचं लेकरू. या ताईंच्या लांबलचक पत्रात प्रश्न तीन आहेत. त्यातले दोन मी शेवटी उरकणार आहे, आधीच सांगते.

त्या लिहितात, "बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्यात केस इतके गळायला लागले की बाथरूमची जाळी रोज तुंबायची. वैतागून कानापर्यंत कापून आले. ऑफिसात सगळ्यांना आवडले, मलाही. मीटिंगमध्ये आता मान वर करून बोलते. पण सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला की हात आपोआप ओढणीकडे जातो. वैशाखात दिराचं लग्न आहे. गंगावन लावून गेले तर चालेल का?"

नाही चालणार.

बाळंतपणानंतरची केसगळती बहुतेकींची वर्षभरात आपोआप थांबते आणि केस परत येतात. तुमचं लेकरू दीड वर्षाचं झालं. म्हणजे आता केस आखूड आहेत ते गळतात म्हणून नाही, तुम्हाला आवडतात म्हणून. ऑफिसात मिरवता ते केस सासूपासून लपवता, हे काही बरं नाही, बाई.

जुने वाचक हसतील, ही पुन्हा लपवाछपवीवर घसरली म्हणून. घसरणारच, कारण मी ते भोगलंय. अमेरिकेत आल्यावर दुसऱ्या वर्षी मी बॉबकट केला आणि दिग्रसजवळच्या आमच्या गावी मामेबहिणीच्या लग्नाला गंगावन लावून गेले. वीस पिना खोचल्या होत्या. हळदीच्या दिवशी मामीच्या पाया पडायला वाकले आणि ते भलंमोठं शेपूट सुटून हळदीच्या परातीत पडलं. पिवळं झालं. कुणी हसलं नाही, हेच वाईट. मामी एवढंच म्हणाली, "आमाले सांगाले काय झालं होतं वो?" संध्याकाळपर्यंत गावभर झालं की पोरीला मोठा आजार आहे, तिकडेच इलाज चालू आहे. दुसऱ्या दिवशी चार जण माझ्या बाबांना धीर द्यायला आले, एक तर संत्र्यांची पिशवी घेऊन. बाबांनी संत्री ठेवून घेतली आणि मला आठवडाभर बोलले नाहीत.

आखूड केस गावानं दोन दिवसांत पचवले असते. खोट्या वेणीचा विषय अजून काढतात.

म्हाताऱ्या माणसांना बाईचे कापलेले केस पाहून धस्स होतं, तेही उगाच नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे तीनच गोष्टी येतात: नवस, आजार नाहीतर वैधव्य. विधवांचं केशवपन करणार नाही म्हणून मुंबईच्या नाभिकांनी कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं १८९० सालीच संप केला होता, पण आमच्या घरात ती हवा पोचायला फार वर्षं लागली. माझ्या पणजीचं केशवपन झालेलं आजीनं लहानपणी पाहिलं होतं. म्हणून आजी माझ्या मानेवरून हात फिरवून आधी विचारायची, "जावई बरे हायेत नं?" आणि आजाराचं म्हणाल तर २०२५च्या सुरुवातीला शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड भागात लोकांना एकाएकी टक्कल पडायला लागलं, आयसीएमआरचं, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचं, पथक तपासायला आलं. ती धास्ती आपल्याकडे ताजी आहे. तुम्ही ओढणी घेऊन बसलात तर सासूबाईंच्या मनात काय येत असेल?

तेव्हा या रविवारी फोन लावा. दुपारी, आपल्याकडची जेवणं उरकल्यावर, सासूबाई एकट्या असताना. सगळी आळी खाटेवर जमते तेव्हा नाही. "मी बरी आहे, पोरगं बरं आहे, हे बरे आहेत" हे आधी, मग ओढणी काढा. "काहून कापले वो?" येईलच. तेव्हा गळतीचं सांगा, पण तिथेच थांबू नका. "आता मला असेच आवडतात" हेही म्हणा. जाऊबाईंना परस्पर कळवू नका, ती बातमी सासूबाईंनाच सांगू द्या. एकदा त्यांनी सांगितली की मांडवात तुमची बाजू त्याच घेतील. माझ्या सासूनं घेतली होती, आणि ती काही फार गोड बाई नव्हती.

केस महिन्याला जेमतेम सव्वा सेंटिमीटर वाढतात. वैशाखापर्यंत फार तर मानेवर येतील, गजरा माळायला दोन पिना पुरतील. आणि ४५ अंशांत गंगावन डोक्यावर घेऊन पंगतीत वाढून बघा म्हणजे कळेल.

नवरा "तुझं तू बघ" म्हणतो, हा दुसरा प्रश्न. बघूच नका. फोनच्या वेळी त्याला शेजारी बसवा, आई त्याची आहे.

मुलाला मराठी कसं यावं, तर लग्नाला जाताय तेव्हा महिनाभर राहा. आजीजवळ सोडा, शिव्यांसकट येईल.

गंगावन मागवून झालं असेल तर पाकीट फोडू नका. उघडलेली केसांची वस्तू बरीच दुकानं परत घेत नाहीत.