चकाचक करू नकोस

बाळ,

तू विकत घ्यायचं म्हणतोस त्या जुन्या घड्याळाचे पाठवलेले फोटो काल रात्री मोठे करकरून पाहिले. काकूने दोनदा लाइट बंद करायला सांगितलं, तिसऱ्यांदा स्वतःच येऊन बंद केला. म्हणून उत्तर आज लिहितोय.

घड्याळ सेको ६३०९-७०४० आहे, डायव्हर मंडळींसाठी केलेलं. निदान केस, म्हणजे बाहेरचं धातूचं कवच, तरी त्याचीच. कासवाच्या पाठीसारखा फुगीर आकार, चाराच्या आकड्याशी चावी (वेळ लावायचं बटण), मागच्या झाकणावर उसळलेली लाट. हे मॉडेल १९७६ ते १९८८ निघत होतं. झाकणावर सहा आकडी नंबर असतो, त्यातला पहिला आकडा वर्षाचा आणि दुसरा महिन्याचा. तुझ्या फोटोत १ आणि त्यापुढे इंग्रजी एन दिसतोय. एन म्हणजे नोव्हेंबर. आणि १ म्हणजे १९८१च, कारण १९७१ला हे मॉडेल आलं नव्हतं आणि १९९१पर्यंत बंद झालं होतं. तिथे ७ असता तर सत्याहत्तर की सत्याऐंशी, असं डोकं खाजवत बसावं लागलं असतं.

आता विकणाऱ्याच्या ‘ऑल ओरिजिनल’बद्दल. अंधारात काढलेला फोटो पुन्हा बघ. चाळीस वर्षांहून जुनं घड्याळ आणि तासांचे ठिपके ट्यूबलाइटसारखे पेटलेत! उजेडातल्या फोटोत डायलचे ठिपके हिरवट आहेत आणि काटे पांढरे. काटे आणि डायल एका काचेखाली एकत्र म्हातारे झाले असते, तर दोघांचा रंग सारखाच पिकला असता. शिवाय सहाच्या खाली, अगदी कडेला, बारीक अक्षरांत जपान आणि डायलचा नंबर असायला हवा. मी भिंग लावून स्क्रीन पाहिली, तिथे काहीच नाही. डायल नवं आहे, काटे आणखी तिसरीकडचे.

अशा घड्याळांना परदेशातले संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला राग आला होता. कारण आपल्या घड्याळजींनी हे काम फसवायला सुरू केलं नाही. आयातीवर बंधनं, कंपनीचे पार्ट मिळायचे नाहीत, आणि गिऱ्हाइकाला सोमवारी कामावर वेळेत पोचायचं असायचं. मग याचा काटा त्याला, त्याचं डायल याला, रंग उडाला तर पुन्हा छापून. घड्याळ चालायचं, गिऱ्हाईक खूश. त्याच घड्याळाला ‘ओरिजिनल’ म्हणून चौपट भाव लावणारे नंतर आले.

यात मीही पाप केलंय. १९८३ साली सिंगापूरला माझ्या जहाजाचा मुक्काम होता, तेव्हा पगारातून हेच मॉडेल घेतलं. कस्टमला दाखवताना हात थरथरत होता, पावती असूनसुद्धा. इंजिनरूममध्ये तेरा वर्षं मनगटावर होतं. बेझलचा, म्हणजे काचेभोवतीच्या फिरत्या कड्याचा, काळा रंग एका बाजूने राखाडी झाला, ठिपके साईच्या रंगाचे झाले. मुलीच्या बारशाला घालायचं म्हणून एका घड्याळजीकडे दिलं आणि वर म्हटलं, “नव्यासारखं चकाचक करून द्या.” त्याने शब्द पाळला. या केसच्या वरच्या भागावर मुळात बारीक रेघांचं फिनिश असतं, मध्यापासून सूर्यकिरणांसारखं बाहेर पसरलेलं, आणि बाजूच्या गुळगुळीत भागाशी त्याची धारदार कड असते. पॉलिशच्या चाकावर रेघा गेल्या, कडही गेली. घड्याळ साबणाच्या वडीसारखं झालं. डायल बदललं, काटे बदलले. जुने पार्ट मागितले तर म्हणाला, “टाकून दिले ना साहेब, खराब होते.” त्याचा काय दोष? मीच सांगितलं होतं.

तेव्हा सर्व्हिसिंगला देताना कागदावर लिहून दे: मशीन साफ करायचं, ऑयलिंग करायचं, पाणी अडवणारे रबर बदलायचे. केसला पॉलिश नाही, डायलला हात नाही, काढलेला प्रत्येक पार्ट पुडीत घालून परत.

विकणाऱ्याकडून आणखी दोन गोष्टी माग. एक, झाकण उघडून मशीनचा फोटो. दोन, चावी ओढतानाचा व्हिडिओ. ६३०९च्या मशीनला चावीने किल्ली देता येत नाही, हात हलला की ते आपोआप गुंडाळलं जातं. आणि वेळ लावताना सेकंद काटा थांबत नाही, चालतच राहतो. थांबला तर आत दुसरं मशीन बसवलंय.

ठिपक्यांवरून आठवलं. आपल्याकडे अंधारात चमकणाऱ्या सगळ्यालाच रेडियम म्हणतात, रिक्षाच्या मागच्या स्टिकरलासुद्धा. पण १९६०च्या आधीच्या बऱ्याच स्विस घड्याळांत खरंच रेडियम आहे. आता ते चमकत नाही, कारण त्यात मिसळलेली चमकणारी पावडर जळून गेली. किरणोत्सारी रेडियम मात्र जागचं हललेलं नाही. त्याला निम्मं व्हायला सोळाशे वर्षं लागतात. असं घड्याळ हाती आलं तर काच उघडून ठिपके खरवडायचे नाहीत, फुंकरही मारायची नाही. नंतर ट्रिटियम आलं, ते साधारण सव्वाबारा वर्षांत निम्मं होतं. तशा डायलवर खाली ‘स्विस’च्या दोन्ही बाजूंना बारीक टी असतो. ट्रिटियमचं जुनं डायल झगमगायला लागलं, तर कुणीतरी त्यावर नवा रंग भरलाय.

तू विचारलंस, हे घालून पोहायला चालेल का? नाही. डायलवरचा दीडशे मीटर खोलीचा आकडा नव्या घड्याळाचा होता. चाळीस वर्षांत रबर कडक होतो, चावीचे आटे झिजतात. दाबाची चाचणी करून घेतलीस आणि पास झालं, तरी मालवणला डुबकी मारताना हातात पाचशे रुपयांचं प्लास्टिकचं घाल. आंघोळीला तर अजिबात नको. गरम पाणी आणि साबण यांनी समुद्रापेक्षा जास्त घड्याळं मारलीत.

मग पाण्यात न जाणारं पाण्याचं घड्याळ घ्यायचं कशाला, असं काकूही विचारते. मी तिला बेझल फिरवून दाखवतो. उतरताना त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा, मग किती मिनिटं खाली आहोत ते गणित न करता दिसतं. १९५३ साली ब्लाँपेन या स्विस कंपनीने फ्रेंच नौदलाच्या डायव्हर मंडळींसाठी फिफ्टी फॅदम्स नावाचं घड्याळ केलं, त्यातही हीच युक्ती होती. पुढे बेझल एकाच दिशेला फिरणारे केले. धक्का लागून सरकलं तरी ते जास्तच वेळ दाखवणार, कमी कधीच नाही. म्हणजे चुकलं तरी माणूस लवकर वर येणार. इतक्या बेतानं विचार केलेली वस्तू हातात धरायला मला आवडते. (६३०९चं बेझल दोन्हीकडे फिरतं, हा तिचा आवडता मुद्दा.)

आणि एक पत्र आहे. हिरोशिमा प्रांतातल्या कुरे गावच्या एका पाणबुड्याने १९६८मध्ये सेकोला तक्रार लिहिली, की साडेतीनशे मीटर खोलीच्या कामांना तुमची घड्याळं टिकत नाहीत. तिथे माणसं हेलियम मिसळलेल्या हवेत दिवसच्या दिवस राहतात. हेलियमचे कण इतके लहान की ते घड्याळात शिरतात, आणि वर येताना बाहेरचा दाब उतरला की आतून काच उडवतात. सेकोने सात वर्षं घेतली आणि १९७५ला टायटॅनियमचं, वरून कवच चढवलेलं सहाशे मीटरचं घड्याळ काढलं. एका पत्राचं एवढं उत्तर! मी बॉम्बे हायला सप्लाय जहाजावर असताना डायव्हर मंडळींना ही गोष्ट सांगायचो, ते म्हणायचे, आमच्या पत्राला तर कॅन्टीनवालाही उत्तर देत नाही.

रोलेक्स, ब्लाँपेनच्या वाटेला इतक्यात जाऊ नकोस. तिथे एका ठिपक्यावरून लाखांचा फरक पडतो. तुझ्या आजोबांचं फेवर-ल्युबा सी चीफ आहे ना? नावात समुद्र असला तरी ते ऑफिसला घालायचं घड्याळ, पाण्याजवळ नेऊ नकोस. पण त्याच कंपनीने साठच्या दशकात बॅथी काढलं, पाण्याच्या दाबावरून खोली दाखवणारं. कधी कुठल्या कपाटात सापडलं तर आधी मला फोन कर.

बाकी तुझ्या १९८१च्या नोव्हेंबरचं म्हणशील, तर केसच्या कडा अजून धारदार आहेत. माझ्या घड्याळापेक्षा ते नशीबवान आहे. मशीन बरोबर निघालं तर विकणाऱ्याला सांग, डायल आणि काटे बदललेत, त्या हिशोबाने भाव कर. चिडला तर सोड. हो म्हणाला तर घे आणि तेच डायल ठेवून घाल. मीही आज तसलंच घालून बसलोय.

रविवारी घेऊन ये. येताना भिंग आण, माझं नातवाने मुंग्या बघायला नेलंय.

तुझा काका