न्यूजर्सीत घरामागच्या झाडांखाली ओलसर जागा आहे, तिथे बॉटल जेन्शन (निळ्या फुलांचं इथलं एक रानझाड) येईल का? बी पेरून लावावं का?

येईल की. मी मिशिगनला असतो, माझ्याकडे नऊ वर्षं आहे. फक्त ‘झाडांखाली’ म्हणजे नक्की कुठे ते बघा, कारण मी आधी मेपलच्या बुंध्याशीच लावलं आणि तिथेच फसलो, मेपलची मुळं अगदी वरवर पसरलेली असतात, जुलैत सगळं पाणी तीच पिऊन टाकतात, वर सावली इतकी दाट की दांडे लांबून आडवे झाले आणि फूल एकही नाही. मग कोंब दिसताच उचलून कडेला नेलं, जिथे छपराचं पाणी उतरतं आणि सकाळचं तीन-चार तास ऊन येतं. वर्षभर रुसून बसलं, जाड मुळं असतात, हलवलेलं चालत नाही त्याला, तुम्ही जागा पहिल्यांदाच नीट निवडा. ओल कायम पाहिजे पण डबकं नको, आपल्याकडे वाफसा म्हणतात ना तसं. मी दर फॉलला, म्हणजे पानगळीत, तिथलाच पाचोळा टाकतो, खतबित काही नाही.

बियांपासून होतं, पण दम धरावा लागतो. बी म्हणजे अक्षरशः धूळ, आणि थंडी खाल्ल्याशिवाय उगवत नाही. ओल्या वाळूत कालवून दोन महिने फ्रिजमध्ये ठेवा (वर चिठ्ठी लावा, आमच्या आईने कसलातरी खराब मसाला समजून फेकलं होतं) किंवा सरळ नोव्हेंबरात कुंडीत पेरून बाहेर बर्फात सोडून द्या. वर माती घालू नका, उजेड लागतो. पाणीही वरून नको, सगळं वाहून जाईल, कुंडी परातीत ठेवून खालून द्या. पहिल्या वर्षी नखाएवढी पानं येतात, तण समजून उपटाल. फूल तिसऱ्या वर्षी वगैरे. एवढा धीर नसेल तर नेटिव्ह झाडांच्या नर्सरीतून रोप आणा, रानातून उपटून नको प्लीज.

आणि हो, ऑगस्ट-सप्टेंबरात निळ्या कळ्या येतील आणि तुम्ही उमलायची वाट बघत बसाल, तर ते फूल उमलतच नाही, तसंच मिटलेलं राहतं. बंबलबी (जाडजूड केसाळ मधमाशी) येते, टोकाशी खटपट करून पाकळ्या फाकवते आणि अख्खी आत शिरते, बूड तेवढं बाहेर. छोट्या मधमाश्यांना ते झेपत नाही. मी चहाचा कप घेऊन बघत बसतो चक्क.

हरणांचं म्हणाल तर झाड कडू आहे, काडेचिराईताच्याच घराण्यातलं, पण आमच्याकडच्या हरणांना हे कुणी सांगितलेलं नाही, कोवळे शेंडे खाऊन जातात. पहिली दोन-तीन वर्षं जाळी लावाच.