टॅपेट कव्हरचं पॅकिंग नवं, गळती जुनीच

या खेपेला आलेल्या पत्रांत इंजिनच्या डोक्यावरून येणाऱ्या ऑईलच्या तक्रारीच इतक्या आहेत की एसी आणि बॅटरीवाल्यांना थोडं थांबावं लागेल. टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनच्या डोक्यावरचं झाकण आणि पॅकिंग म्हणजे त्याच्या कडेखाली सांधा बंद करणारी पट्टी.

प्रश्न : माझ्याकडे १९९८ सालची मारुती ८०० आहे, पाचपाखाडीत राहतो. टॅपेट कव्हरचं पॅकिंग वर्षभरात तीनदा बदललं. महिना-दीड महिना सगळं कोरडं, मग परत इंजिनच्या कडेने ऑईल. मेकॅनिक म्हणतो, "साहेब, गाडी जुनी झाली, हे चालायचंच." सवय करून घ्यायची का?

मुळीच नाही. चांगलं पॅकिंग नीट बसवलं तर काही वर्षं तरी त्याकडे बघावं लागत नाही, मग गाडी कितीही जुनी असो. तीन पॅकिंगं लागोपाठ गेली म्हणजे दोष पॅकिंगमध्ये नाही, आसपास कुठेतरी आहे आणि तो कोणी शोधलेला नाही.

आधी ऑईल खरंच तिथूनच येतंय का, ते बघा. तुमच्या कार्बोरेटरवाल्या ८०० मध्ये डेल्को (प्लगना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर) हेडच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाच्या, टोकाला बसतो. त्याच्या बुडाशी एक रबरी ओ-रिंग असते. ती कडक झाली की तिथून पाझरणारं ऑईल हेडवरून ओघळतं आणि बघणाऱ्याला वाटतं, कव्हरच गळतंय. शोधायला महागडी यंत्रं लागत नाहीत. इंजिन थंड असताना ब्रश आणि डिग्रीजरने कव्हरची कड, डेल्कोचा पाया, ऑईल भरायच्या झाकणाची गोलाई हे सगळं लख्ख पुसा. डेल्को आणि वायरींवर प्लॅस्टिक बांधा आणि पाण्याचा फवारा मारू नका. सगळं सुकलं की घरातली टाल्कम पावडर त्या भागावर हलकी भुरभुरवा. पट्ट्याच्या आणि पंख्याच्या बाजूला ती जाऊ देऊ नका. गाडी पंधरा-वीस मिनिटं फिरवून बॉनेट उघडा. पांढऱ्या पावडरीत ओली, तपकिरी रेघ उमटलेली दिसेल. तिचं सर्वांत वरचं टोक म्हणजे गळतीची जागा. खाली ठिबकतंय तिथे बघत बसू नका.

रेघ कव्हरच्या कडेलाच सुरू होत असेल तर कव्हर उघडून चार गोष्टी तपासून घ्या. बोल्टखालची रबरी वायसरं बदलली होती का? बहुतेक गॅरेजांत पॅकिंग नवं टाकतात आणि वायसरं तीच जुनी, प्लॅस्टिकसारखी टणक झालेली, परत लावतात. कव्हरवर सारखा दाब ठेवायचं काम त्या रबराचं असतं. ते मेलं की बोल्ट पूर्ण बसूनही कव्हर एका बाजूला सैल राहतं. मग कोणीतरी पाना आणखी पिळतो, बोल्टच्या भोकाभोवती कव्हर वाकतं आणि दोन बोल्टांच्या मधे फट पडते. छोट्या गाड्यांत हे बोल्ट साधारण ५ ते १० न्यूटन-मीटरवर आवळायचे असतात. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. लांब दांड्याच्या पान्याने हा अंदाज येत नाही. छोटा टी-पाना दोन बोटांनी फिरवा, मधल्या बोल्टपासून बाहेरच्याकडे, दोन-तीन फेऱ्यांत थोडं थोडं. टॉर्क रिंच असेल तर उत्तमच.

कव्हर सरळ आहे का, हे बघायला ते जाड काचेवर पालथं ठेवा. कडेखालून पोस्टकार्ड सरकत असेल तर नवं पॅकिंग टाकून पैसे वाया जातील. पत्र्याचं कव्हर भोकांपाशी लाकडी ठोकळा धरून हातोडीने सपाट करता येतं. अ‍ॅल्युमिनियमचं वाकलं असेल तर दुसरं शोधा, किंवा वागळे इस्टेटमध्ये एखाद्या मशीन शॉपकडे दाखवून फेसिंग, म्हणजे मशीनवर कड घासून सपाट करणं, होतंय का विचारा.

तिसरी गोष्ट सिलिकॉन. जुन्या सिलिकॉनची साय खरवडून न काढता वरून नवी ट्यूब पिळायची, ही आपल्याकडची सार्वत्रिक सवय आहे. रबरी पॅकिंगला सगळीकडे सिलिकॉन लागत नाही. उलट पॅकिंग त्यावर घसरतं आणि आवळताना आत सरकतं. ज्या इंजिनांत कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टच्या) टोपीचा सांधा हेडला येऊन मिळतो, तिथे कोपऱ्यात तुरीच्या दाण्याएवढा ठिपका पुरतो. जादा सिलिकॉन आतल्या बाजूला लोंबतं, तुटतं आणि सम्पमध्ये (इंजिनच्या तळाच्या ऑईलच्या टाकीत) ऑईल पंपाच्या जाळीत जाऊन बसतं आणि ऑईलची वाट अडते. ऑईलची गळती थांबवायला गेलात आणि बेअरिंगं खाल्लीत, असा तो प्रकार. पृष्ठभाग थिनरच्या फडक्याने, बोट फिरवल्यावर कोरडं करकरीत लागेल इतका पुसा.

आणि चौथी गोष्ट, जी मला तुमच्या बाबतीत सर्वांत जास्त संशयास्पद वाटते : इंजिनच्या आतला दाब. पिस्टन रिंगांना चुकवून थोडा गॅस खाली सम्पमध्ये उतरतोच. तो ओढून इनटेककडे न्यायला ब्रीदरचा पाइप आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह असतो. तो काजळीने बुजला की गॅसला वाट राहत नाही आणि तो सर्वांत कमकुवत जागा शोधतो, म्हणजे तुमचं नवंकोरं पॅकिंग. इंजिन आयडलला ठेवून ऑईल भरायचं झाकण काढा आणि त्या तोंडावर पातळ कागद धरा. कागद हलकासा आत ओढला गेला तर ठीक. फडफडून वर उडत असेल तर व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवा. आतली गोळी खुळखुळली पाहिजे. पाइप आतून चिकट आणि बाहेरून फुगलेला असेल तर तोही बदला. हे सगळं करूनही झाकणातून भकाभका धूर येत असेल तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घ्या. रिंगा गेल्या असतील तर कुठलंही पॅकिंग टिकणार नाही, आणि तेव्हा मात्र तुमच्या मेकॅनिकचं म्हणणं अर्धं खरं ठरेल.

प्रश्न : होंडा सिटी २००२, नेरूळ. बाहेरून ऑईलचा थेंब नाही, पण प्लग काढायला गेलो तर प्लगच्या विहिरीत ऑईल साचलेलं. पावसात गाडी मिसिंग करते.

तुमच्या इंजिनात प्लग कव्हरच्या मधून जाणाऱ्या नळ्यांत खोल बसतात. प्रत्येक नळीच्या वरच्या तोंडाला एक गोल सील असतं. ही चार सीलं कडक झाली की ऑईल विहिरीत उतरतं, प्लग कॅपचं रबर त्यात भिजून फुगतं आणि करंट प्लगला जायच्या ऐवजी कडेने हेडला पळतो. पावसातल्या दमटपणात हे जास्त जाणवतं.

कव्हरच्या पॅकिंगबरोबर चारही सीलं एकदमच घ्या, कव्हरच्या नटांखालची रबरंही. प्लग काढायच्या आधी विहिरीतलं ऑईल लांब सिरिंजने किंवा काडीला गुंडाळलेल्या फडक्याने टिपून घ्या, नाहीतर प्लग सुटताच ते थेट सिलिंडरमध्ये पडेल. फुगलेल्या प्लग वायरी ठेवू नका. पुसून त्या बऱ्या होत नाहीत.

प्रश्न : घोडबंदर रोडला गायमुख घाटात ट्रॅफिकमध्ये अडकलो की बॉनेटच्या फटीतून जळक्या तेलाचा वास आणि कधी पातळ निळा धूर येतो. मोकळ्या रस्त्यावर काहीच नाही. धोका आहे का? गाडी झेन, २००१.

आहे, आणि हा प्रश्न पुढच्या सर्व्हिसपर्यंत ढकलू नका. कव्हरच्या कडेचं ऑईल एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनमधला जळका गॅस बाहेर नेणाऱ्या तापट नळ्यांवर) टपकतंय असा अंदाज आहे. गाडी पळत असताना वारा धूर उडवून नेतो, ट्रेलरांच्या रांगेत उभी राहिली की तो वर येतो आणि तुम्हाला दिसतो. ऑईल तेव्हाही जळतच असतं. इंजिन ऑईलची वाफ साधारण २०० अंश सेल्सियसच्या पुढे ठिणगीने पेटू शकते आणि चढावर मॅनिफोल्ड त्याहून कितीतरी जास्त तापतो. एकेक थेंब बहुतेक वेळा नुसता जळून जातो, पण उष्णतारोधक पत्र्याच्या पोकळीत साठलेलं ऑईल किंवा तिथे विसरलेलं तेलकट फडकं ही वेगळी गोष्ट आहे. तो पत्रा काढून आतून साफ करा, जवळून जाणाऱ्या वायरींचं आवरण बघा. टायमिंग बेल्टच्या बाजूने ऑईल उतरत असेल तर बेल्टही तपासा, कारण ऑईल प्यायलेला बेल्ट भरवशाचा राहत नाही. रस्त्यात धूर वाढला तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि बॉनेट झटकन उघडू नका. पाणी तर अजिबात मारू नका.

प्रश्न : वाशीत गाडी फक्त स्टेशन आणि बाजारापुरती चालते. पावसाळ्यात ऑईलच्या झाकणाखाली दुधाळ, चहाच्या रंगाची चिकट साय जमली. गॅरेजवाला हेड गॅस्केट (हेड आणि इंजिन ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) गेलं म्हणतो आणि इंजिन खोलायला सांगतो.

थांबा, एवढ्यात खोलू नका. पाच-दहा मिनिटांच्या फेऱ्यांत ऑईल पुरेसं तापत नाही, आतली वाफ थंड झाकणाला धरते आणि ऑईलमध्ये घुसळली जाते. ऑईलची पट्टी ओढून बघा. पट्टीवरचं ऑईल स्वच्छ असेल, कूलंट कमी होत नसेल आणि रेडिएटरमध्ये तेलाचा तवंग नसेल तर झाकण पुसा आणि रविवारी सकाळी पाम बीच रोडने बेलापूरपर्यंत जाऊन या. चांगला अर्धा-पाऊण तास सलग. ब्रीदरचा पाइपही बघा, त्याच सायीने तो तुंबतो आणि मग पहिल्या प्रश्नातलं दुखणं मागे लागतं. पट्टीवरही दुधाळ दिसलं तर मात्र गाडी चालू करू नका.

प्रश्न : वडिलांची प्रीमियर पद्मिनी कळव्यात बऱ्याच वर्षांनी चालू केली. रॉकर कव्हरचं (म्हणजे टॅपेट कव्हरचंच) बुचाचं, कॉर्कचं, पॅकिंग नवं टाकलं, तरी गळतं. रबरी मिळेल का?

पद्मिनी ठेवलीत याचंच आधी कौतुक. मुंबईतल्या शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. टॅक्सीवाल्यांच्या जिवावर चालणारा सुट्या भागांचा धंदाही आता ओसरतोय. रबराच्या मागे लागू नका, बुचाचं पॅकिंग चांगलं काम करतं, फक्त ते दुकानात वर्षानुवर्षं पडून सुकलेलं आणि आखडलेलं नको. भोकं बोल्टांशी जुळत नसतील तर घेऊच नका. ओढून बसवलेलं बूच कोपऱ्यात चिरतं. कव्हरच्या बाजूला शेलॅकचा (पॅकिंग चिकटवायच्या लाखेचा) पातळ हात द्या आणि ते चिकट होईपर्यंत थांबा, हेडच्या बाजूला नुसतं ग्रीसचं बोट फिरवा. म्हणजे टॅपेट सेट करायला कव्हर काढाल तेव्हा पॅकिंग कव्हरला चिकटून सुखरूप वर येईल. आणि हलक्या हाताने आवळा. बूच कडेने बाहेर फुगायला लागलं की तुम्ही जास्त आवळलंत.

प्रश्न : जाड ऑईल घातलं किंवा गळती थांबवायचं औषध ओतलं तर चालेल का? खारघरच्या सोसायटीत पार्किंगच्या डागांवरून नोटीस आली आहे.

जाड ऑईलने गळती जेमतेम मंदावते आणि थंड इंजिनात वरपर्यंत ऑईल पोहोचायला उशीर होतो. मॅन्युअलमध्ये दिलेला ग्रेडच ठेवा. बाटलीतली औषधं फिरत्या शाफ्टच्या सीलला थोडीफार मऊ करतात, टणक झालेल्या कव्हर पॅकिंगवर त्यांचा उपयोग नाही. नोटिशीपुरतं म्हणाल तर गाडीखाली पुठ्ठा टाका. सकाळी त्यावरचे थेंब गाडीच्या कुठल्या भागाखाली पडलेत त्याची खूण करून ठेवा आणि तो पुठ्ठा मेकॅनिकला दाखवा. फरशीवरच्या डागावर लाकडाचा भुसा रात्रभर पसरून ठेवा, नंतर कपडे धुवायच्या पावडरीने घासा.