सापोते म्हणजे चिकू का?

प्रश्न असा आलाय की मेक्सिकोतल्या एका स्पॅनिश गोष्टीचं मराठी करताना अंगणातल्या ‘सापोते’ नावाच्या झाडाला काय म्हणायचं, डिक्शनरी चिकू म्हणते पण गोष्टीतली आजी त्याचा काळा गर संत्र्याच्या रसात कालवून पोरांना देते, मग हा कुठला चिकू?

हा चिकू नाहीच. सापोते हे एका झाडाचं नाव समजलं की घोळ होतो. मूळ शब्द नाहुआत्ल भाषेतला, म्हणजे मेक्सिकोतल्या जुन्या अस्तेक लोकांच्या भाषेतला, ‘त्सापोत्ल’. मऊ गराच्या गोड फळांना ते सरसकट हाच शब्द लावायचे आणि पुढे विशेषण जोडून कुठलं ते सांगायचे. स्पॅनिश लोकांनी शेवटच्या ‘त्ल’चा ‘ते’ केला, तोमात्लचं तोमाते झालं तसंच.

त्यामुळे सापोतेच्या शेजारचा शब्द बघायचा. ‘सापोते नेग्रो’ म्हणजे काळा सापोते, तुमच्या गोष्टीतला बहुतेक हाच, कारण संत्र्याचा रस घालून त्याचं गोड करणं ही मेक्सिकोतली नेहमीची पद्धत आहे. पिकला की आतला गर अगदी चॉकलेटसारखा काळपट होतो. हे झाड डायोस्पायरॉस कुळीतलं, म्हणजे आपल्या टेंभुर्णीचं जवळचं नातेवाईक, ज्याची पानं विडीला लागतात तीच टेंभुर्णी. ‘सापोते ब्लांको’, पांढरा, हा तर लिंबाच्या कुटुंबातला निघतो, आणि नाहुआत्लमध्ये त्याचं नाव ‘कोचित्सापोत्ल’, झोपेचा सापोते, कारण तो खाल्ला की झोप येते असं लोक मानायचे. ‘मामेय’ आतून लालसर केशरी, मधोमध एकच मोठी चकचकीत बी. आणि आपला चिकू म्हणजे ‘चिकोसापोते’. त्यातलं ‘चिको’ फिलिपिन्समध्ये राहिलं, तेच आपल्याकडे चिकू झालं. मामेय आणि चिकू मात्र खरंच एका कुटुंबातले, आणि त्याच कुटुंबात आपले मोह, बकुळ आणि खिरणीपण येतात, म्हणून तर चिकूचं कलम खिरणीच्या खुंटावर बांधतात.

चिकूचं कच्चं फळ कापलं की बोटांना जो पांढरा चीक लागतो ना, तसाच चीक या झाडाच्या सालीतूनही निघतो, तो म्हणजे ‘चिक्ले’. च्युइंगगम आधी त्याचंच बनायचं. जंगलात जाऊन झाडाच्या सालीवर नागमोडी चिरा पाडून चीक गोळा करणारा तो ‘चिक्लेरो’. आजही स्पॅनिशमध्ये च्युइंगगमला चिक्लेच म्हणतात. लाकूड पण जबरदस्त टणक, ग्वातेमालात तिकाल या जुन्या शहरातल्या माया लोकांच्या मंदिरांच्या दारांवरच्या तुळया याच लाकडाच्या आहेत, हजारेक वर्षांनंतरही काही शिल्लक आहेत.

देश बदलला की अर्थ बदलतो हे अजून एक. पेरू, इक्वादोरकडे नुसतं सापोते म्हटलं तर केशरी गराचं वेगळंच झाड असू शकतं, त्याचा चिकूशी काही संबंध नाही. उलट व्हेनेझुएलात चिकूला ‘निस्पेरो’ म्हणतात आणि स्पेनमध्ये निस्पेरो म्हणजे लोकाट, एक वेगळंच फळ! म्हणून लेखक कुठल्या देशातला हे आधी बघा, मग डिक्शनरी उघडा.

वापराबद्दल थोडं. स्पॅनिशमध्ये सफरचंदाचं झाड ‘मान्सानो’ आणि फळ ‘मान्साना’, असं झाड पुल्लिंगी आणि फळ स्त्रीलिंगी बऱ्याचदा असतं, पण सापोते झाडालाही आणि फळालाही, दोन्हीकडे पुल्लिंगी. त्यामुळे ‘सापोतेखाली बसला’ म्हणजे झाड आणि ‘सापोते खाल्ला’ म्हणजे फळ, हे संदर्भावरूनच घ्यायचं. उच्चार मेक्सिकोत सापोते, स्पेनमध्ये थापोते. गोष्ट मेक्सिकोची असल्यामुळे मराठीत सापोतेच लिहा.

तुमच्या वाक्यात मी पहिल्यांदा ‘काळ्या सापोतेचं झाड’ लिहीन आणि पुढे नुसतं सापोते. चिकू लिहिलंत तर वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे डहाणू-घोलवडची तपकिरी गराची चिकूवाडी येईल आणि आजीच्या वाटीतला काळा गर त्याला खोटा वाटेल.