प्राचीन चिनी कवितेतले स्वर्गाचे काल्पनिक प्रवास कोणासाठी लिहायचे?

बऱ्याचदा थेट सम्राटासाठी, निदान हान राजवटीच्या काळातल्या 'फू' प्रकारच्या दरबारी कवितांचं तरी असंच होतं. सम्राट वूला अमर व्हायचं वेड होतं म्हणून कवी सिमा शियांगरूने (मृत्यू इ.स.पू. 117) एका 'महापुरुषा'चा आकाशप्रवास लिहून त्यालाच सादर केला, त्यात पश्चिमेची राणीमाता ही अमर देवी भेटते ती पांढऱ्या केसांची, गुहेत राहणारी, म्हणजे असंच जगायचं तर अमर होऊन काय फायदा असा टोमणा, पण इतिहासकार सिमा छियेनच्या ग्रंथात लिहिलंय की सम्राट उलट खूश झाला, त्याला ढगांत तरंगल्यासारखं वाटलं म्हणे. कवीचा पार पोपट! फक्त त्याआधीचं, कवी छू युआनच्या नावावरचं 'ली साओ' हे काव्य यात धरू नका, तिथे राजाने दूर केलेला माणूस स्वतःची कैफियत मांडतोय.